जुन्या गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा लागलाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी वॅगनआर २०११ ची, के-सिरीजच्या तीन सिलिंडर इंजिनाची. दीड लाख किलोमीटर कधीच ओलांडले. या गाडीने मला हा पिवळा दिवा इतक्या कारणांसाठी दाखवलाय की सोसायटीत कुणाचाही दिवा लागला की पहिला फोन मला येतो. मी मेकॅनिक नाही. पण तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढलं. डोळ्यांसमोर आहेत त्या साधारण २००५ ते २०१७ मधल्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्या. डिझेलचं पुढे थोडक्यात आहे.

दिवा लागला. गाडी तिथल्या तिथे थांबवायची का?

दोन गोष्टी बघा: रंग कोणता, आणि दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय.

पिवळा आणि स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, आवाज-वास बदललेला नसेल, तर घरी जा, ऑफिसला जा. चार-आठ दिवसांत दाखवा. मात्र ‘दाखवा’ म्हणजे दाखवाच. वर्षभर तसाच जळत ठेवलात तर दुसरा बिघाड झालेला कळणारच नाही, कारण दिवा एकच आहे आणि तो आधीच लागलेला आहे.

पिवळा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, तर थांबायचं. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये आणि ते न जळताच सायलेन्सरकडे चाललंय. वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात ‘कॅट’, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असतो, तो आधीच चारपाचशे अंश तापलेला. त्यात कच्चं पेट्रोल गेलं की ते तिथे पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा असलेली वस्तू आहे ती, किंमत त्याच हिशेबाने. हजार-दोन हजारांचं दुखणं पंचवीस-तीस हजारांवर जातं ते इथे.

लाल दिवे वेगळे. ऑइलचा कॅन, तापमान, बॅटरी यांपैकी लाल काही लागलं तर बाजूला घ्या. ऑइल आणि तापमानाच्या बाबतीत तर इंजिन लगेच बंद.

मी स्वतः हे चुकलोय, तेही सांगतो. गणपतीत साताऱ्याला निघालो होतो. चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. खंबाटकी घाट चढताना गाडी थरथरायला लागली, दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना, आणि दिवा लुकलुकू लागला. वडील शेजारी बसून ‘पहिला टाक, पहिला टाक’ करत होते. मी एसी बंद केला आणि माथ्यापर्यंत रेटली. थांबायला हवं होतं. मागे ट्रकची रांग होती हे कारण खरं असलं तरी कॅटला त्याचं काय? सुदैवाने तो वाचला. त्या थरथरीचं कारण पुढे येतंच आहे.

मेकॅनिक म्हणतो, ‘सेन्सरचा दिवा आहे, काही होत नाही.’ खरं का?

अर्धं खरं. ‘सेन्सर’ हा शब्द आपल्याकडे गॅरेजमध्ये जुन्या काळच्या ‘वाऱ्या’सारखा वापरतात. पाठ धरली, वारं आहे. गुडघा धरला, वारं आहे. सेन्सरने तक्रार केली म्हणजे सेन्सर बिघडला असं नाही. बहुतेक वेळा तो आपलं काम नीट करतोय म्हणूनच दिवा लागलेला असतो.

कोड कसा वाचायचा? घरी जमेल का?

जमतं. दिवा लागतो तेव्हा गाडीचा संगणक दोषाचा एक कोड नोंदवून ठेवतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं. काही गाड्यांत फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे लपलेलं. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ अडॅप्टर बसतो, ‘ईएलएम ३२७’ या नावाने कुठेही मिळतो. मोबाइलवर एक ॲप घ्यायचं, चावी ऑन करायची, इंजिन सुरू केलं नाही तरी चालतं. पी०३०२ असा इंग्रजी ‘पी’ आणि चार आकडे दिसतील.

दोन सूचना. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. आणि ‘फ्रीझ फ्रेम’ नावाचा भाग उघडून बघा, तो लोक बघतच नाहीत. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं, हे तिथे नोंदलेलं असतं. ‘कधीतरी लागतो, मेकॅनिकसमोर लागत नाही’ या तक्रारीला याहून चांगला साक्षीदार नाही.

अडॅप्टर घ्यायचा नसेल तर कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून देतात, काहीशे रुपये घेतात. फक्त स्कॅनिंगचे पैसे द्या, कोड लिहून घ्या आणि चहा पिऊन या. तिथल्या तिथे पार्ट बदलायला हो म्हणू नका.

माझ्या गाडीत ही सोय असेल का?

या सोयीला ओबीडी म्हणतात. भारतात बीएस-४ (भारत स्टेज ४, धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आला, दुसरा एप्रिल २०१३ पासून. २०१३ नंतरची बीएस-४ गाडी असेल तर प्रश्नच नाही. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत सॉकेट असतं, पण साधा अडॅप्टर बोलेलच असं नाही. कंपनीचा किंवा मोठा मल्टिब्रँड स्कॅनर लागतो.

इथे एक गंमत आहे. एप्रिल २०१० ला बीएस-४ फक्त तेरा शहरांत आलं, त्यात आपली मुंबई, पुणे आणि सोलापूर. देशभर व्हायला एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे मधल्या वर्षांतली गाडी कोणत्या शहरात विकली गेली यावर ती बीएस-३ की बीएस-४ हे ठरायचं. आरसीवर बघा, अंदाज नको.

त्याहून जुन्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) मारुतींत दिवाच कोड सांगतो. डायग्नोसिसची पिन अर्थला जोडली की तो लुकलुकत आकडे मोजतो: एकदा, थांबून दोनदा, म्हणजे बारा, म्हणजे सगळं ठीक. ज्याला हे करता येतं असा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका.

कोड ऑक्सिजन सेन्सरचा आला. सेन्सर बदलून टाकू ना?

थांबा. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. कोड सांगतो की कुठे दुखतंय. का दुखतंय ते शोधावं लागतं.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते मोजणारा. त्याच्या कोडमागे खरोखर मेलेला सेन्सर असू शकतो. पण तुटलेली वायर, कपलरमध्ये (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडात) चढलेला हिरवा गंज, सायलेन्सरच्या जोडातून आत ओढली जाणारी हवा, हीटरचा उडालेला फ्यूज, यातलं काहीही असू शकतं. यातल्या एकालाही नवा सेन्सर लागत नाही. आधी वायर हाताने चाचपा, कपलर काढून बघा. मग चालू इंजिनावर रीडिंग बघा: पुढचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचला पाहिजे. नाचत असेल तर तो जिवंत आहे.

पी०३०१, पी०३०२ असे कोड आलेत. गाडी थरथरते.

शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. पी०३०० आला तर एकच सिलिंडर दोषी नाही किंवा तो ठरवता येत नाही.

आता खंबाटकीचं पुढचं. पुण्यात परत आल्यावर एका गॅरेजमध्ये (नाव नको) मला सांगितलं, ‘कॅट चोक झालाय, बदलावा लागेल.’ आकडा ऐकून गाडी विकायचा विचार आला होता. रविवारी मी अडॅप्टर लावला. कोड पी०३०२, कॅटबद्दल अवाक्षर नाही. या इंजिनावर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याला ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल असते, एका बोल्टवर. इंजिन गार होऊ दिलं, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावली, कोड पुसला आणि सोसायटीभोवती चक्कर मारली. गाडी पुन्हा थरथरली, पण कोड आला पी०३०३. दुखणं कॉइलबरोबर सरकलं. म्हणजे कॉइलच.

अर्ध्या तासाचं काम, दहा नंबरचा पाना आणि फुकट निदान. कोड सरकला नसता तर पुढचा संशय प्लगवर, मग इंजेक्टरवर, मग कॉम्प्रेशनवर. याच क्रमाने जा, कारण स्वस्तापासून महागाकडे जाणारा हाच क्रम आहे. प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंडही बघा. फिकट तपकिरी असेल तर चांगला, सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय.

पी०१७१, ‘सिस्टीम लीन’. म्हणजे काय?

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. जुन्या गाडीत कारण बहुतेक दोनांपैकी एक: कुठूनतरी चोरून हवा आत येतेय, किंवा पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये.

दोन्ही वेगळे करायची युक्ती अशी. ॲपमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ बघा, संगणक पेट्रोल किती टक्के वाढवून किंवा घटवून देतोय त्याचा तो आकडा. दहाच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला हा आकडा खूप वर आणि अडीच हजार आरपीएमला रेस धरल्यावर खाली येत असेल, तर हवा चोरून येतेय. तडकलेला व्हॅक्यूम पाइप शोधा. पंधरा वर्षांच्या गाडीत रबर वाळलेल्या पापडासारखं मोडतं. उलट आयडलिंगला ठीक आणि रेस धरल्यावर आकडा चढत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर.

पी०४२०. आता तरी कॅट गेला म्हणायचं का?

कदाचित. कॅटच्या पुढे एक सेन्सर आणि मागे एक. पुढचा नाचतो, मागचा जवळजवळ स्थिर राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की संगणक हा कोड देतो. पण मागच्या सेन्सरजवळ सायलेन्सर फुटका असेल तरी तसंच दिसतं. आधी फूट शोधा. आणि कॅट खरंच गेला असेल तर तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. मिसिंग मारणारं इंजिन नवाही खाईल.

‘कॅट पोकळ करून देतो, पिकअप वाढेल’ म्हणणारे भेटतील. गाडी धूर ओकेल, दिवा जाणार नाही, आणि ते बेकायदा आहे.

उंदरांचा आणि या दिव्याचा काय संबंध?

फार जवळचा. आमच्या सोसायटीत लागलेल्या दिव्यांमागे सेन्सरपेक्षा उंदीर जास्त निघालेत. एकदा शेजारच्या काकूंच्या आय-टेनचा एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत गोधडीच्या कापसाचं घरटं आणि चकलीचा अख्खा वेढा. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. फिल्टरला मुठीएवढं भोक आणि खाली जाणाऱ्या वायरवर दातांचे ठसे.

गाडी दहा-बारा दिवस उभी राहून मग दिवा लागला असेल तर स्कॅनरच्याही आधी बोनेट उघडा. लेंड्या, कापूस, कुरतडलेलं प्लास्टिक शोधा. वायर एकाच जागी तुटली असेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सोल्डर करून, नळी चढवून देतो. अख्खं हार्नेस (वायरिंगचं जुडगं) बदलायची गरज नसते. नुसती पिळून काळी पट्टी गुंडाळू देऊ नका, पहिल्याच पावसात पुन्हा दिवा.

उपाय? तंबाखूची पानं, डांबर गोळ्या, फवारे, सगळं करून झालंय. आठवडाभर उपयोग होतो. खरा उपयोग दोन गोष्टींचा: गाडी रोज हलवणं आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी पार्क न करणं.

पावसाळ्यातच दिवा लागतो, मग आपोआप जातो.

ओल. कपलरमध्ये नाहीतर प्लगच्या खोबणीत पाणी. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली किंवा वॉशिंगवाल्याने बोनेट उघडून प्रेशरने पाणी मारलं की हे होतं. कोकणात, समुद्राकाठच्या गाड्यांना खारी हवा त्यात भर घालते. कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकवा, घट्ट बसवा. आणि इंजिन धुवू देऊ नका, कापडाने पुसा.

दिवा आपोआप जातो तोही नियमाने: साधारणपणे लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की तो विझतो. कोड मात्र आत राहतो, त्यामुळे विझल्यावरही स्कॅन करता येतं.

सीएनजीवर दिवा लागतो, पेट्रोलवर नाही.

गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते. त्यामुळे थकलेले प्लग आणि कॉइल आधी गॅसवर उघडे पडतात, पेट्रोलवर अजून वर्षभर चालतील. आधी प्लग बदला, मग किटवाल्याकडे जा.

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये आणखी एक भानगड. गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात आणि संगणकाला ते चालू असल्याचं भासवायला एम्युलेटर बसवलेला असतो. तो किंवा त्याचे जोड बिघडले की पी०२०१, पी०२०२ असे इंजेक्टरचे कोड येतात. इंजेक्टर ठणठणीत असतात. आणि किटचं ट्यूनिंग चुकलं असेल तर पी०१७१ किंवा उलटा पी०१७२ येतो. तो लॅपटॉप लावून सुधारायचा असतो, स्क्रू पिळून नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकलाय, ‘आपल्याकडे काय गरज’ म्हणाला मेकॅनिक. चालेल?

नाही. हा आपल्याकडचा जुना रोग. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. ती नसेल तर इंजिन नीट तापतच नाही. संगणकाला वाटतं अजून थंडी आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात आणि पी०१२८ चा दिवा लागतो. काहीशे रुपयांचा पार्ट आहे, परत बसवून घ्या.

इंग्रजी व्हिडिओत सांगतात, पेट्रोलचं झाकण घट्ट करा.

तो सल्ला अमेरिकेतला आहे. तिथे गाडी टाकीतून वाफ गळते का हे स्वतः तपासते आणि झाकण सैल असलं तरी दिवा लावते. आपल्या जुन्या गाड्यांत ही गळतीची तपासणी बहुधा नसतेच. झाकण घट्ट असावं हे खरं, पण त्याने दिवा जाईल ही आशा सोडा.

बॅटरीची वायर काढून ठेवली की दिवा जातो म्हणे.

जातो, आणि दोष असेल तर परत येतो. दरम्यान कोड, फ्रीझ फ्रेम आणि संगणकाने शिकलेलं आयडलिंग सगळं पुसलं जातं. पुरावा जाळून पंचनामा करण्यातला प्रकार.

बॅटरी तपासा मात्र जरूर. चार वर्षांची दमलेली बॅटरी आणि टर्मिनलवर पांढरी भुकटी असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात. टर्मिनलवर गरम पाणी ओता, घासा, आवळा. कित्येकदा तेवढ्यावर मिटतं.

चावी फिरवली की दिवा लुकलुकतो आणि गाडी सुरूच होत नाही.

इंजिन नाही, चावी. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) चावीतली चिप ओळखता आली नाही की हाच दिवा लुकलुकतो. दुसरी चावी लावून बघा. चावीची फक्त प्रत काढून आणली असेल तर तिच्यात चिपच नाही.

ई२० पेट्रोलमुळे दिवा लागतो का?

एकट्या त्यामुळे क्वचित. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९. म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं, आणि धडधाकट गाडीचा संगणक ते निमूट करतो. पण आधीच तडकलेला पाइप नि चोंदलेला फिल्टर घेऊन काठावर चाललेली गाडी त्या धक्क्याने लीनच्या कोडमध्ये पडते. माझं मत असं: जुन्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप आता तपासून घ्याच, दिवा लागो न लागो.

डिझेलचं काय?

जुन्या डिझेलमध्ये नेहमीचे संशयित तीन: काजळीने चोंदलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), मळलेला हवेचा सेन्सर, आणि इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल नळीतला कमी दाब (पी००८७), ज्यात पहिला नंबर डिझेल फिल्टरचा. दिव्याबरोबर गाडी तीन हजारांवर रेसच घेत नसेल तर ती ‘लिंप मोड’मध्ये गेलीय, म्हणजे संगणकाने इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी केलीय. सावकाश गॅरेज गाठा. स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा हीटर प्लगचा, तो वेगळा.

दिवा चालू असताना पीयूसी मिळेल का?

पीयूसीवाला दिवा बघत नाही, सायलेन्सरमध्ये नळी घालतो. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवा. बीएस-२, बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५०. पेट्रोल जास्त सोडणारी किंवा मिसिंग मारणारी गाडी यात सहज नापास होते. इंजिन पूर्ण तापवून मग जा, थंड कॅट काम करत नाही.

जुनी गाडी विकत घेताना हा दिवा कसा तपासू?

गाडी बंद असताना पोचा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढलाय किंवा पट्टी चिकटवलीय. मग सुरू करा, दिवा विझला पाहिजे. ऑइलच्या दिव्याबरोबर नेमका त्याच क्षणी विझला तर संशय घ्या. कुणीतरी दोन्हींची वायर एकत्र जोडून ठेवलेली असते.

त्यानंतर अडॅप्टर लावा आणि ‘रेडिनेस’ बघा. गाडीने कोणकोणत्या चाचण्या स्वतःवर पूर्ण केल्या त्याची ती यादी. कोड एकही नाही, पण सगळ्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर कोड आज सकाळीच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. मालकाला सांगा, ‘आठवडाभर चालवा, पुढच्या रविवारी येतो.’ माझ्या मेहुण्याने असं सांगितलेल्या तीन गाड्यांपैकी दोन पुढच्या रविवारी ‘विकल्या गेल्या’ होत्या. तिसरी त्याने घेतली.